फाशांवरचा हंगाम: डिव्हिजनच्या आढाव्यामागचा इतिहास

काल्पनिक बेसबॉल लीगचा हंगाम सुरू होण्याआधी एकेका डिव्हिजनमधल्या, म्हणजे लीगच्या एका गटातल्या, संघांचा आढावा लिहिला जातो. कोणाचे पिचर (बॅटरकडे चेंडू फेकणारे) भारी, कोणाची फळी डावखुऱ्या पिचरपुढे ढेपाळते, पहिला कोण येणार. यातला एकही सामना मैदानावर होत नाही. खऱ्या खेळाडूंच्या खऱ्या आकडेवारीवरून तो फाशांनी किंवा संगणकावर खेळवला जातो. तरीही असा आढावा मन लावून लिहावा इतका त्यात ऐवज असतो. हा ऐवज ऐंशीएक वर्षांत हळूहळू जमत आला.

१९४१ मध्ये ईथन ॲलन या माजी आउटफिल्डरचा (मैदानाच्या दूरच्या भागातल्या क्षेत्ररक्षकाचा) खेळ बाजारात आला. प्रत्येक खेळाडूची एक गोल चकती, तिच्यावर फिरणारा काटा. जो जास्त होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारतो त्याच्या चकतीवर होम रनचा भाग मोठा. १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावातून डिक सीट्झ यांनी ‘ॲपबा’ आणला. दोन फासे, ३६ शक्यता आणि प्रत्येक खेळाडूचं स्वतंत्र कार्ड. पण पिचरच्या वाट्याला तिथे जवळपास फक्त एक श्रेणी येई. बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे अर्धा सामना, त्यामुळे ही उणीव मोठी होती.

ती भरून काढली हाल रिचमन यांनी. न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेकमध्ये वयाच्या ११व्या वर्षी ते फासे टाकून शक्यतांची गणितं मांडू लागले आणि १९६१ मध्ये त्यांनी ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ विकायला काढला. यात तीन फासे. पहिल्यावर १ ते ३ आलं तर निकाल बॅटरच्या कार्डावरून वाचायचा, ४ ते ६ आलं तर पिचरच्या. पहिल्या फाशाचा आकडा कार्डावरचा रकाना ठरवतो आणि उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यातली ओळ सांगते. आपल्याकडे वर्गात पुस्तकाची पानं उघडून क्रिकेट खेळलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल. फरक इतकाच की इथे प्रत्येक पानामागे त्या खेळाडूचा अख्खा हंगाम उभा असतो. पुढे १९७२ च्या प्रगत आवृत्तीत डावखुऱ्या आणि उजव्या प्रतिस्पर्ध्यासाठी वेगवेगळे रकाने आले. माझ्या मते आढावा लिहिण्याजोगा झाला तो इथून. आता नुसती सरासरी पाहून भागेना, समोर कोण आहे तेही पाहावं लागलं.

आणि समोर कोण, हे ठरतं डिव्हिजनवरून. १९६९ मध्ये मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, चार नवे संघ आले आणि तिच्यातल्या दोन्ही लीगचे पूर्व आणि पश्चिम असे भाग पडले. सहा संघांच्या डिव्हिजनमध्ये प्रत्येक शेजाऱ्याशी, म्हणजे त्याच डिव्हिजनमधल्या संघाशी, १८ सामने, पलीकडच्या सहा संघांशी १२-१२, एकूण १६२. शेजारच्या दोन संघांकडे चांगले डावखुरे पिचर असतील, तर त्यांच्यापुढे टिकणारे उजवे बॅटर ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या आळीपाळीने होणाऱ्या निवडीत) घ्यावेच लागतात. १९९४ मध्ये प्रत्येक लीगच्या तीन डिव्हिजन झाल्या. पुढे २०१३ ते २०२२ या काळात शेजाऱ्यांशी बहुधा १९ सामने होत, २०२३ पासून ते १३ वर आले.

आज ‘फँटसी’ म्हटलं की आठवते ती धारा वेगळी. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी रोटिसरी लीग काढली. न्यूयॉर्कच्या ज्या रेस्टॉरंटमध्ये ते जमत, त्याचंच नाव तिला मिळालं. तिथे चालू हंगामातले आकडे जमा होतात, संघ एकमेकांशी सामना खेळतच नाहीत. त्यामुळे तिथला आढावा म्हणजे खेळाडू यंदा कसा खेळेल याचा अंदाज. कार्डांच्या लीगमध्ये खेळाडूची कामगिरी बहुधा आधीच छापलेली असते. अनिश्चित असतात ते फासे आणि मॅनेजरचे निर्णय: दमलेला पिचर कधी काढायचा, क्षेत्ररक्षणात कच्चा पण मारण्यात पक्का खेळाडू कुठे लपवायचा. मला हाच प्रकार जास्त आवडतो, कारण इथे संघबांधणीची परीक्षा होते.

लिहिण्याची हौसही जुनीच. कादंबरीकार जॅक केरुॲक किशोरवयापासून स्वतःच्या कार्डांवर काल्पनिक लीग खेळत. संघांना मोटारगाड्यांची नावं, खेळाडू मनचे, आणि सामन्यांची वार्तापत्रंही स्वतःच लिहायचे. २०२० मध्ये साथीमुळे मेजर लीगचा हंगाम लांबला, तेव्हा स्ट्रॅट-ओ-मॅटिकने ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे रोजचे सामने संगणकावर खेळवून निकाल जाहीर केले, आणि खरा बेसबॉल बंद असतानाही लोक सकाळी डिव्हिजनचा गुणतक्ता पाहू शकले.