व्यसनग्रस्त सैनिकांचे निदान व उपचार (अमेरिकी सैन्यदले)

दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या आहारी चाललेला सैनिक वेळीच ओळखून त्याला व्यसनोपचाराकडे पाठवण्याची अमेरिकी सैन्यदलांतील वैद्यकीय पद्धत. नागरी दवाखान्यात रुग्ण आणि डॉक्टर असे दोघेच असतात. इथे कमांडर हा तिसरा असतो. तपासणीच्या खोलीत सांगितलेले त्याच्या कानावर जाईल का, या एका शंकेपायी अनेक सैनिक तोंडच उघडत नाहीत.

या पद्धतीची सुरुवात व्हिएतनाम युद्धात झाली. तिथे हेरॉइन स्वस्त व सहज मिळे. १९७१ च्या जूनपासून मायदेशी परतणाऱ्या सैनिकांची लघवी तपासली जाऊ लागली आणि त्याच वर्षी व्यसनग्रस्तांना शोधून उपचार देण्याची जबाबदारी कायद्याने संरक्षण खात्यावर आली. २६ मे १९८१ रोजी ‘निमिट्झ’ या विमानवाहू नौकेवर विमान कोसळून १४ जण ठार झाले. मृत खलाशांपैकी काहींच्या शरीरात गांजाचे अंश आढळले. त्यानंतर लघवीच्या तपासण्या सर्वत्र कडक झाल्या. मात्र त्या अमली पदार्थांसाठी असतात. दारू कायदेशीर असल्याने ती बहुधा त्यांतून निसटते आणि सैन्यात सर्वांत जास्त नुकसान तिचेच आहे. तिथे डॉक्टरची नजरच कामी येते.

प्राथमिक चाळणीसाठी वार्षिक आरोग्य तपासणीत ‘ऑडिट-सी’ ही प्रश्नावली वापरतात. प्रश्न तीनच : किती वेळा पिता, एका दिवसात किती पेले, आणि एका बैठकीत सहा किंवा अधिक पेले किती वेळा होतात. प्रत्येकाला ० ते ४ गुण. पुरुषांत ४ व स्त्रियांत ३ गुण झाले की पुढची चौकशी करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. ‘दोन पेले’ या उत्तरावर अनुभवी डॉक्टर थांबत नाही. पेला केवढा, हे विचारतो. प्रमाण पेल्यात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असते, आणि घरी ओतलेल्या व्हिस्कीच्या एका ग्लासात त्याच्या दुप्पट सहज मावते.

काही वेळा प्रश्न विचारण्याआधीच शरीर बोलते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला, एरवी धडधाकट जवान दुसऱ्या दिवशी घामाने निथळतो, नाडी जलद चालते, चहाचा कप धरताना हात थरथरतो. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच दारू थांबलेली असते. ही लक्षणे शस्त्रक्रियेच्या माथी मारली तर फिटचे झटके येऊ शकतात आणि दोन-चार दिवसांत जीवघेणा उन्मादवातही (दारू अचानक तुटल्याने होणारा तीव्र भ्रम व थरथर) होऊ शकतो. वारंवार होणाऱ्या किरकोळ दुखापती, सोमवारची गैरहजेरी, झोपेची तक्रार, वेदनाशामक गोळ्या मुदतीआधी संपणे, याही खुणा आहेत. व्यसनविकाराचे निदान अमेरिकी मनोविकार संघटनेच्या ११ निकषांवर होते. २-३ जुळले तर सौम्य आणि ६ किंवा अधिक जुळले तर तीव्र विकार.

सौम्य धोक्यात काही मिनिटांचा मोकळा सल्लाही गुणकारी ठरतो. त्यापुढच्या रुग्णाला नौदलात ‘सार्प’, हवाई दलात ‘अडॅप्ट’ या कार्यक्रमांकडे पाठवतात. भूदलात वर्तन-आरोग्य विभागातले व्यसनोपचार दवाखाने हे काम करतात. सैनिक आपणहून आला, कमांडरने पाठवला की डॉक्टरने शोधला, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. अमली पदार्थ घेणे लष्करी कायद्याच्या कलम ११२अ खाली गुन्हा आहे. म्हणून आपणहून मदत मागणाऱ्याचे बोलणे त्याच्याविरुद्ध वापरण्यावर नियमांनी मर्यादा घातल्या आहेत.

तरीही औपचारिक उपचार सुरू झाले की कमांडरला कळवावे लागे. ही धास्तीच मदतीच्या आड येते, असे इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या अमेरिकी वैद्यकीय सल्लागार संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट नोंदवले. भूदलाने २०१९ मध्ये दारूसाठी स्वेच्छेने येणाऱ्यांना, सुरक्षिततेचा प्रश्न नसल्यास, कमांडरला न कळवता उपचार खुले केले. हा बदल फार आधी व्हायला हवा होता. आता चांगला डॉक्टर कोणते बोलणे गुप्त राहील आणि कोणते राहणार नाही, हे पहिल्या प्रश्नाआधीच सांगतो. चिठ्ठी हातात देऊन रुग्णाला वाटेला लावण्याऐवजी तो त्याला समुपदेशकाच्या खोलीपर्यंत नेतो आणि पुढची वेळ तिथेच ठरवून घेतो.