काच काढली तिथून पुढे: अंगणातला पोहण्याचा पूल उन्हावर तापवण्याची पार्श्वभूमी

सौर बंबाचे पहिले व्यापारी पेटंट अमेरिकेत १८९१ साली निघाले. १९०९ मध्ये टाकी आणि कलेक्टर, म्हणजे ऊन झेलून पाणी तापवणारा भाग, वेगळे झाले: छपरावर काचेची पेटी, आत काळी केलेली तांब्याची नळी, आणि तिच्यापेक्षा उंचावर वेगळी टाकी. पुढे स्वस्त गॅस आणि वीज आली आणि हा धंदा बसला. पेटीचा साचा मात्र लोकांच्या डोक्यात राहिला. १९७३ च्या तेलसंकटानंतर पूल तापवण्यासाठी उन्हाकडे नव्याने लक्ष गेले, आणि काच हवी की नको हा वाद त्या साच्यातूनच आला.

तांब्याचा निकाल तुलनेने लवकर लागला. पूलच्या पाण्यात क्लोरिन असते, पीएच घसरला, म्हणजे पाणी आम्लधर्मी झाले, की ते तांबे खाते, मग भिंतींवर हिरवट-निळे डाग पडतात. काळ्या पॉलिप्रोपिलिनच्या आणि ईपीडीएम रबराच्या बारीक नळ्यांच्या पट्ट्या आल्या आणि ती कटकट मिटली.

काचेचे भांडण मात्र लांबले, आणि ते बरेचसे ‘कार्यक्षमता’ या एका शब्दावर लढले गेले. कलेक्टरची कार्यक्षमता हा काही त्याच्या पाठीवर छापता येणारा एकच आकडा नाही. आत येणारे पाणी बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम आहे, यावर तो ठरतो. आंघोळीचे पाणी ६० अंशांवर न्यायचे तर कलेक्टर हवेपेक्षा खूप तापतो आणि काच ती उष्णता धरून ठेवते. पूलला हवे असते २७-२८ अंश. बाहेरची हवाही साधारण तेवढीच असेल, तर अडवायला उष्णता फारशी सुटतच नाही. उलट काच दहा-पंधरा टक्के प्रकाश वाटेतच खाते. म्हणून उघडी पट्टी त्या कामात काचेच्या पेटीला हरवते, तीही बरीच स्वस्तात. पुढे प्रमाणन करणाऱ्यांनी आकडे तापमानफरकाच्या वर्गांत विभागले. पूलसाठीच्या वर्गांत पाणी हवेपेक्षा ५ अंश थंड किंवा ५ अंश गरम धरतात, तर घरगुती गरम पाण्यासाठी हा फरक ५० अंशांपर्यंत जातो. तरीही विक्रीच्या पत्रकांत एका वर्गाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवलेला सापडतो. थंड, वाऱ्याच्या जागी हिवाळ्यातही पोहायचे असेल तर काचेची बाजू खरी ठरते. अंगणातल्या हंगामी पूलसाठी ती क्वचितच खरी असते.

त्याच गैरसमजाचे दुसरे पोर म्हणजे ‘पाणी सावकाश सोडा, म्हणजे जास्त तापेल’. परतीच्या नळीला हात लावला तर तसे वाटतेही. पण प्रवाह कमी केला की पट्टी तापते आणि ती उष्णता वाऱ्याला देते. दर चौरस मीटरला मिनिटाला सुमारे ४ लिटर पाणी जायला हवे. मग भर उन्हात पाणी फक्त २-३ अंशांनी वाढून परत येते, आणि ते बरोबरच आहे. खालच्या एका कोपऱ्यातून आत आणि तिरप्या वरच्या कोपऱ्यातून बाहेर अशी जोडणी केली नाही, तर काही नळ्या कोरड्याच तापत राहतात.

खड्डा न खणता जमिनीवर उभ्या केलेल्या पूलने आणखी एक अट घातली: लहान पंप. तो पाण्याच्या पातळीखाली बसवलेला असतो, उंच छपरावर पाणी चढवताना दमतो. म्हणून पट्ट्या पूलशेजारी तिरप्या मांडणीवर आल्या. क्रम फिल्टर, मग पट्ट्या, मग क्लोरिनेटर (पाण्यात क्लोरिन सोडणारे उपकरण). तो उलटा झाला तर तीव्र क्लोरिन थेट पट्ट्यांत जाते. छपरावर न्यायच्याच असतील तर वरच्या टोकाला हवा आत घेणारा व्हॉल्व्ह लागतो. तो नसेल तर पंप थांबताच निर्वात होऊन नळ्या चपट्या होऊ शकतात.

बाजारात रुळलेले माप २ × २० फुटांच्या दोन पट्ट्या, म्हणजे सुमारे ७.४ चौरस मीटर. १५ फूट व्यासाच्या, साडेतीन फूट पाण्याच्या पूलमध्ये साधारण १७,५०० लिटर पाणी असते आणि ते १ अंशाने तापवायला सुमारे २० युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते. चांगल्या उन्हाच्या दिवशी या पट्ट्या २४ युनिटांच्या आसपास देतात. पण रात्रीत ५ मिलिमीटर पाणी उडाले तर ५५ युनिट गेले. त्यामुळे पाण्यावर तरंगणारे बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे आच्छादन, बुडबुडे खाली करून, ही पट्ट्यांच्या आधीची खरेदी आहे. विक्रेते ते नंतरची जोड म्हणून दाखवतात.

अमेरिकेत २००५ च्या कायद्याने घरगुती सौर उपकरणांना ३० टक्के करसवलत दिली, पण पूल आणि हॉट टब तापवणारी उपकरणे वगळली. पूल ही चैन, असा त्यामागचा सूर दिसतो. गंमत म्हणजे सौर उष्णतेचा सगळ्यात सोपा आणि कमी खर्चाचा उपयोग तोच होता.

अलीकडे वीज बनवणारी पॅनेल स्वस्त झाल्याने हिशेब पुन्हा हलला आहे. चौरस मीटरला ५ युनिट ऊन मिळणाऱ्या दिवशी उघड्या पट्टीचा १ चौरस मीटर सव्वातीन युनिट उष्णता देतो. तेवढ्याच जागेतल्या वीज पॅनेलला सुमारे ०.८ युनिट वीज मिळते. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणाऱ्या हीट पंपाने ती पाचपट केली तर ४ युनिट उष्णता. जागा कमी असेल, किंवा हंगामाबाहेर वीज घरात वापरता येत असेल, तर हा मार्ग पुढे जातो. तीच वीज साध्या हीटिंग कॉइलला दिली तर मात्र ०.८ युनिटच्या वर काही मिळत नाही, म्हणजे पट्टीच्या एक चतुर्थांश.