पाटी केवढी, कुठे आणि कोणासाठी?

ए-4 आकाराची पाटी घ्या. वर पिवळा त्रिकोण, त्यात विजेचा काळा बाण, खाली मजकुराच्या दोन ओळी. तयार मिळणाऱ्या सुरक्षा पाट्या बऱ्याचदा अशाच असतात. ही पाटी किती लांबून काम करेल?

यासाठी युरोपातल्या अनेक देशांत एक सोपा हिशोब वापरतात. पाटी जिथून दिसायला हवी ते अंतर मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा आणि 2000 ने भागा. येईल ते उत्तर म्हणजे चिन्हाचे किमान क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. साधारण 50 मीटरपर्यंत हे सूत्र चालते. आपल्या ए-4 पाटीवरच्या त्रिकोणाची बाजू 16 सेंटीमीटर धरली, तर क्षेत्रफळ सुमारे 111 चौरस सेंटीमीटर भरते. म्हणजे पाटी उपयोगाची जेमतेम 4.7 मीटरपर्यंत. 10 मीटरवरून दिसायला त्रिकोणाची बाजू 34 सेंटीमीटर हवी आणि 20 मीटरसाठी 68. गोल चिन्ह असेल तर 10 मीटरसाठी सुमारे 25 सेंटीमीटर व्यास पुरतो. अंतर दुप्पट झाले की क्षेत्रफळ चौपट लागते. शेडच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीवर लावलेली ए-4 पाटी तपासणीच्या फोटोत छान दिसते, कामगाराला मात्र दिसत नाही.

अंतर मोजायचे ते भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत नव्हे. माणूस थांबू शकेल, वळू शकेल किंवा हेल्मेट चढवू शकेल अशी शेवटची जागा शोधायची आणि तिथून मोजायचे. कानाला इअरप्लग लावण्याची निळी पाटी प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या विभागाच्या, आत असून काय उपयोग? ती दाराबाहेर हवी आणि इअरप्लगचा डबा तिच्याच खाली हवा. फोर्कलिफ्टच्या वाटेची सूचना कोपऱ्यावर नको, कोपऱ्याच्या आधी हवी. दारावर पाटी लावताना एकदा दार पूर्ण उघडून बघावे. जे दार दिवसभर उघडेच असते, त्याच्यावरची पाटी भिंतीकडे तोंड करून उभी असते. अशा ठिकाणी ती चौकटीशेजारच्या भिंतीवर, नजरेच्या उंचीला लावावी.

रंग आणि आकार आपल्या मनाने ठरवायचे नसतात. भारतीय मानक आयएस 9457 आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ 7010 यांची भाषा एकच आहे. पांढऱ्यावर लाल वर्तुळ आणि डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरणारा तिरपा लाल पट्टा म्हणजे मनाई. निळे भरीव वर्तुळ म्हणजे हे केलेच पाहिजे. काळ्या किनारीचा पिवळा त्रिकोण म्हणजे धोका. हिरवा चौकोन म्हणजे सुटकेची वाट किंवा प्रथमोपचार, आणि लाल चौकोन म्हणजे आग विझवण्याचे साहित्य. युरोपीय संघाच्या 1992 च्या निर्देशानुसार पिवळा, निळा आणि हिरवा रंग चिन्हाचा निदान अर्धा भाग व्यापतो, तर मनाईच्या चिन्हात लाल निदान 35 टक्के असतो. कंपनीच्या लोगोला शोभेल म्हणून कोणी त्रिकोण केशरी किंवा मनाईचे वर्तुळ निळे करून मागितले, तर ठाम नकार द्यावा. निळ्या वर्तुळाचा अर्थ नेमका उलटा आहे.

रंगाला आकाराची जोड का लागते, याचे उत्तर डोळ्यात आहे. लाल आणि हिरव्यातला फरक काही माणसांना, त्यातही पुरुषांना जास्त, जन्मतःच नीट कळत नाही. शिवाय जुन्या सोडियम दिव्यांच्या पिवळ्या उजेडात निरोगी डोळ्यालाही लाल मळकट तपकिरी दिसतो. आणि उजेड कमी होत गेला की डोळ्याचे काम शंकू पेशींकडून दंड पेशींकडे जाते. दंड पेशींना लाल प्रकाश जवळजवळ कळतच नाही, हिरवट-निळा मात्र चांगला कळतो. अंधारू लागल्यावर लाल आधी काळा पडतो, हिरवा टिकून राहतो. बाहेर पडण्याच्या वाटेला हिरवा रंग मिळाला हे म्हणूनच फार चांगले झाले.

वीज गेल्यावर चमकणाऱ्या पाट्यांकडून मात्र नको तेवढी अपेक्षा ठेवली जाते. त्यांच्यात युरोपियम आणि डिस्प्रोसियम मिसळलेले स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असते. उजेड पडला की त्यातले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या सापळ्यांत अडकतात आणि अंधारात हळूहळू सुटताना हिरवा प्रकाश देतात. चांगल्या प्रतीची पाटी कित्येक तास मंद चमकते, पण आधी उजेड मिळाला असेल तरच. हा पदार्थ अतिनील आणि निळ्या प्रकाशाने भरतो. पिवळ्या सोडियम दिव्याखाली तो जवळपास उपाशीच राहतो. जिन्यात हालचालीवर पेटणारे दिवे असतील तर पाटी बहुतेक वेळ अंधारात असते आणि नेमकी गरज पडते तेव्हा रिकामी निघते. अशा जिन्यात बॅटरीवर चालणारी प्रकाशित पाटीच हवी. आणखी एक गोष्ट: धूर आधी छताकडे चढतो. दाराच्या वरची पाटी सगळ्यात आधी दिसेनाशी होते, म्हणून लांब कॉरिडॉरमध्ये जमिनीलगत चमकणारी पट्टीही द्यावी.

मजकुराबद्दल. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 108 ने कायद्यानुसारच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितले होते. चाकण किंवा वाळूजच्या शेडमध्ये ही भाषा मराठी असेल, हिंदी असेल, कधी दोन्ही. आधी हजेरीपत्रक बघा, मग पाटी छापायला टाका. अक्षरांसाठी चांगल्या उजेडात अंतराचा तीनशेवा भाग एवढी उंची धरतात, म्हणजे 6 मीटरला 20 मिलिमीटर. उजेड कमी असेल तर दुप्पट. हा हिशोब रोमन अक्षरांचा आहे. देवनागरीत वेलांटी, रफार, उकार यांची जागा वर-खाली जाते आणि त्याच फॉन्ट आकारात मूळ अक्षर लहान निघते. म्हणून उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत पट्टी लावून मोजावी, कॉम्प्युटरवरच्या आकड्यावर विसंबू नये. नुसते 'सावधान' लिहून भागत नाही. 'टाकीत विषारी वायू. परवानगीशिवाय उतरू नका' यात धोका काय आणि करायचे काय, दोन्ही येते. सांडपाण्याच्या टाकीवर अशी पाटी अत्यावश्यक आहे, कारण हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास सुमारे 100 पीपीएमनंतर (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) नाकाला येईनासा होतो. माणसाला वाटते, वायू गेला. अर्थात तिथे पाटीबरोबर कुलूपही हवे. ज्या धोक्याला जाळी, गार्ड किंवा कुलूप लावता येते, तिथे नुसती पाटी लावणे म्हणजे जबाबदारी कामगारावर ढकलणे.

नवी पाटी लावण्याआधी ती मजकूर झाकून दहा-बारा कामगारांना एकेकट्याने दाखवावी. 'हे काय आहे?' असे न विचारता 'हे दिसल्यावर काय कराल?' असे विचारावे. चुकीच्या उत्तरांतही फरक असतो. 'माहीत नाही' हे उत्तर शिकवून सुधारता येते, पण कोणी उलटाच अर्थ लावला तर ते चिन्ह बदलावे किंवा मजकुराशिवाय वापरू नये.

उन्हातल्या पाट्या दर सहा महिन्यांनी जवळ जाऊन बघाव्यात. स्वस्त छपाईत लाल रंग आधी उडतो, काळा टिकतो. धूम्रपान मनाईच्या पाटीवरचे वर्तुळ आणि पट्टा फिकट गुलाबी होऊन नाहीसे झाले की उरते ती फक्त पेटलेली सिगारेट. बाहेर अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर अतिनील-रोधक लॅमिनेशन केलेले विनाइल लावावे. सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका फलक, ऊन-पावसात वाकतो. आणि 'फरशी ओली आहे', 'वर काम चालू आहे' असे तात्पुरते बोर्ड काम संपताच उचलण्याची जबाबदारी ज्याने लावले त्याच्यावरच, नावानिशी असावी. कोरड्या फरशीवर आठवडाभर उभा असलेला बोर्ड पाहिलेला माणूस पुढच्या वेळी ओल्या फरशीवरूनही तसाच चालत जातो.