हॉर्मोन पॅच लावायची योग्य पद्धत

पाळी जाताना शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, ते कातडीवाटे थोडं थोडं भरून देणारी पातळ चिकटपट्टी म्हणजे हॉर्मोन पॅच. अंगातून वाफा येणं, रात्री घामाने कपडे भिजणं, झोप उडणं यावर डॉक्टर हा लिहून देतात. यात बहुतेक वेळा एस्ट्रॅडिओल नावाचं इस्ट्रोजेन असतं, आपले बीजकोश बनवतात तेच. अमेरिकेत असा पहिला पॅच १९८६ साली मंजूर झाला, त्यात औषध जेलच्या छोट्या कप्प्यात असायचं, हल्लीच्या बऱ्याचशा पॅचमध्ये ते चिकट थरातच मिसळलेलं असतं. म्हणजे कडा उचलली गेली की तेवढ्या भागातून औषध जायचं थांबलं, आणि म्हणूनच लावायची पद्धत इतकी महत्त्वाची.

इस्ट्रोजेनची गोळी आधी यकृतातून जाते, पॅचमधलं औषध थेट रक्तात जातं. गोळीने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो, नेहमीच्या डोसच्या पॅचने तसा वाढलेला दिसत नाही, हा याचा मोठा फायदा. डोस दिवसाला किती मायक्रोग्रॅम असा मोजतात, साधारण २५ ते १००.

जागा कमरेखालची: ओटीपोट, कुल्ला, काही कंपन्यांच्या पॅचला मांडीही चालते. छातीवर कधीच नाही. परकराची नाडी किंवा लेगिंग्जचं इलॅस्टिक बसतं ती पट्टी सोडायची, कारण बसता-उठता तिथे घासून पॅच सुटतो. कातडी स्वच्छ, कोरडी, गार हवी. आंघोळीनंतर खोबरेल, लोशन किंवा पावडर लावायची सवय असेल तर तेवढी जागा कोरीच ठेवा, तेलावर पॅच टिकतच नाही. पाकीट फाडल्यावर लगेच लावायचा, चिकट बाजूला बोट न लावता, आणि वरून तळहाताने १० सेकंद दाबून धरायचा, मग कडेने बोट फिरवायचं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर घाम पूर्ण टिपून, पंख्याखाली थांबून मगच लावावा.

काही पॅच आठवड्यातून दोनदा बदलायचे (सोमवार-गुरुवार असे वार धरले की लक्षात राहतं), काही एकदाच. दर वेळी जागा बदलायची, त्याच जागी आठवडाभर तरी परत नाही, नाहीतर खाज आणि लाली येते. काढल्यावर उरलेला चिकटा बेबी ऑइलने निघतो. पॅच पडला तर नवा लावा, पण बदलायचा वार आधीचाच ठेवा. आंघोळ, पोहणं चालतं, फक्त शेकायची पिशवी किंवा कडक ऊन थेट पॅचवर नको, उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. मनाने कापून अर्धा करू नका, कप्प्याचा पॅच तर कापायचाच नसतो.

आणि हे खूप महत्त्वाचं: गर्भाशयाची पिशवी काढलेली नसेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होऊन कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, गोळीने, गर्भाशयात बसवायच्या हॉर्मोनवाल्या साधनाने (साधी कॉपर-टी नव्हे) किंवा दोन्ही हॉर्मोन असलेल्या पॅचने. स्तनांचा कॅन्सर होऊन गेलाय, यकृताचा आजार आहे किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतोय तर सहसा पॅच देत नाहीत, म्हणून डॉक्टरांना हे आधीच सांगायचं. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर थांबून न राहता दाखवून घ्यावं.

वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि लहान मुलांचा, कुत्र्या-मांजराचा हात-तोंड लागणार नाही असा कचऱ्यात टाकायचा, संडासात नाही.