किल्लारीचा भूकंप (१९९३)

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारला चार-पाच मिनिटे कमी असताना लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि लगतच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूरचा परिसर हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले होते आणि गाढ झोपले होते. ५२ गावे जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा नोंदीनोंदीत वेगळा सापडतो, सुमारे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत.

भूकंप म्हटला की हिमालय, जपान किंवा आपल्याकडे कोयना, अशी त्या काळी समजूत होती. मराठवाड्याचा हा भाग तर तेव्हाच्या भूकंपीय नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात मोडत होता. भूपट्टाच्या (पृथ्वीच्या कवचाच्या प्रचंड, सरकत्या तुकड्याच्या) कडेला भूकंप होतात हे ढोबळमानाने खरे असले, तरी पट्टाच्या पोटातही ताण साठतो. भारतीय भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. तो दाब आतल्या खडकांपर्यंत पोहोचतो आणि जुन्या, कमकुवत भेगेशी येऊन थांबतो. दख्खनचा काळा कातळ वरून कितीही अभेद्य दिसो, किल्लारीजवळ घेतलेल्या ६१७ मीटर खोल विंधनछिद्रात त्याची जाडी जेमतेम ३३८ मीटर भरली. त्याखाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक आहे. खडकाचा एक भाग भेगेवरून दुसऱ्यावर चढला आणि शेतात जमीन उचलली जाऊन बुटक्या बांधासारखी उभी राहिली. माकणीजवळच्या निम्न तेरणा धरणाचे पाणी भेगांत मुरल्याने भूकंपाला चालना मिळाली का, हा वाद शास्त्रज्ञांत झाला. त्यावर एकमत नाही. १९९२च्या ऑक्टोबरमध्ये मात्र याच भागात लहान धक्के आणि जमिनीतून गुरगुर जाणवली होती.

भूकंपाचे परिमाण ६.२ ते ६.४ नोंदले गेले. वर्तमानपत्रे परिमाणालाच सर्रास ‘तीव्रता’ म्हणतात, पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परिमाण म्हणजे उगमाशी किती ऊर्जा सुटली याचे माप. ते भूकंपमापकाच्या आलेखावरून काढतात. मोजण्याच्या पद्धतीनुसार आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण एका भूकंपाला ते सगळीकडे एकच असते. एका अंकाची वाढ म्हणजे कंपनाचा आलेख दहापट उंच आणि ऊर्जा सुमारे बत्तीसपट. तीव्रता गावागणिक बदलते. भिंती किती पडल्या, जमीन किती फाटली, हे पाहून ती बारा पायऱ्यांच्या श्रेणीवर ठरवतात. किल्लारीत ती आठ-नऊपर्यंत गेली. २००१च्या भूज भूकंपात (परिमाण सुमारे ७.७) किल्लारीच्या (परिमाण ६.२ धरल्यास) दीडशेहून अधिक पट ऊर्जा सुटली होती. मृतांची संख्या मात्र फार तर दुपटीच्या घरात गेली.

मग इतकी माणसे मेली कशी? उगम उथळ होता, वेळ रात्रीची होती आणि पायाखाली काळी माती होती, हे खरेच. पण खरा घात केला माळवदाने, म्हणजे घरावरच्या जड मातीच्या छताने. या भागातील जुन्या घराची भिंत दोन-तीन फूट जाड असे: आत एक थर, बाहेर एक थर, मधे दगडगोट्यांची भर आणि सांध्याला नुसती माती. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगड सहसा नसेच. लाकडी खांब-तुळयांवर फळ्या आणि त्यावर मातीचे छत. पावसाळ्याच्या तोंडी गळती थांबवायला त्यावर आणखी माती टाकायची, म्हणजे घर जितके जुने तितके माळवद जड. उन्हाळ्यात असे घर गार राहते, त्यामुळे ते बांधणाऱ्यांना वेडे ठरवणे योग्य नव्हे. धक्क्याने भिंतींचे थर सुटून आत-बाहेर कोसळले, वरून मातीचा ढीग आला. काही ठिकाणी खांब उभेच होते आणि भिंती नाहीशा झाल्या होत्या. कुडाच्या व गवती छपराच्या झोपड्यांचे त्या मानाने कमी नुकसान झाले. आयुष्यभर पक्क्या घराची आस धरलेली माणसे त्या कच्च्या घरांतून जिवंत बाहेर आली.

पूर्ण पडलेली गावे जागतिक बँकेच्या साहाय्याने नव्या जागी वसवली गेली. बोळ आणि वाडे जाऊन आखीव चौकोनी रस्ते आले. राज्याच्या १३ जिल्ह्यांतली सुमारे दोन लाख घरे दुरुस्ती व बळकटीकरणाच्या योजनेत घेतली गेली: भिंतीत आरपार दगड बसवणे, दारा-खिडक्यांवरून सलग पट्टा फिरवणे, माळवदाची माती कमी करणे. २००२च्या सुधारित नकाशात पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात आली. दगडाची धास्ती मात्र नकाशाने जाणारी नव्हती. पुढे कित्येक वर्षे अनेक कुटुंबांनी पत्र्याच्या शेडमध्ये झोपणे पसंत केले. उन्हाळ्यात तिथे अंग भाजून निघे, तरीही.