फेब्रुवारीतली सावली, मे महिन्यातली भेंडी

गेल्या वर्षी महाशिवरात्रीच्या सुमारास परभणीत आमच्या गच्चीवर सात कुंड्या आणि चार जुने क्रेट मांडले. जागा विचार करून निवडली होती. दक्षिणेच्या कठड्याची सावली भर दुपारीही निम्म्या कुंड्यांवर असायची. मे उजाडला तेव्हा कठडा होता तिथेच होता, सावली मात्र कुठेच नव्हती. भाजून निघालेली मिरची पाहून आई म्हणाली, "अरे, ऊन सरकतं, हे शाळेत शिकवलं नाही का तुला?"

शिकवलं होतं. गच्चीवर येऊन पाहिलं नव्हतं, एवढंच.

परभणी सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. फेब्रुवारीच्या मध्यात दुपारचा सूर्य डोक्यापासून दक्षिणेला जवळजवळ 32 अंश कललेला असतो, म्हणून 1 मीटरच्या काठीची सावली 60 सेंटिमीटरहून थोडी जास्त पडते. पुढे ती रोज आखडत जाते. मेच्या 16-17 तारखेला सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. लातूरला हा शून्य सावलीचा दिवस दोन-तीन दिवस आधी येतो, छत्रपती संभाजीनगरला दोन-तीन दिवस नंतर. त्यापुढे जुलैच्या उत्तरार्धापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. शिवाय मेमध्ये तो मावळतो पश्चिमेच्याही सुमारे 20 अंश उत्तरेला. म्हणजे 'उत्तरेची भिंत गार' हा हिशेब नेमका मे महिन्यात चुकतो. संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच भिंतीवर येतं.

यातून मला एक नवा छंद लागला. गच्चीत एक सरळ काठी उभी करायची आणि दर रविवारी तिच्या सावलीचं टोक खडूने टिपायचं. मध्यान्ह बाराला होत नाही, हेही तेव्हाच कळलं. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला आहोत. त्यामुळे इथे सावली सर्वांत आखूड होते ती फेब्रुवारीत साडेबारा उलटल्यावर आणि मेमध्ये सव्वाबारानंतर. उन्हाळी भाज्यांचा नकाशा मी आता या खुणांवरून काढतो. फेब्रुवारीतली सावली त्यात धरतच नाही. पश्चिमेच्या बाजूला दोडक्या-कारल्याचा मांडव, त्याच्या आडोशाला मिरची-वांगी, वर शेडनेट.

दुसरी खरेदी कमाल-किमान तापमापकाची. टमाट्याचं कोडं त्याने सोडवलं. झाड हिरवंगार, फुलं भरपूर, फळ एक नाही. शेजारच्या काकांनी टॉनिक मारायला सांगितलं, मारलंही. दोष खताचा नव्हताच. दिवसाचं तापमान 35 अंशांपुढे जाऊ लागलं आणि रात्रही 21-22 अंशांखाली उतरेना, की टमाट्याचे परागकण निकामी होऊ लागतात. फलधारणा न झालेलं फूल देठापासून गळतं. आपण 43-44 च्या दुपारींची चर्चा करतो, पण टमाट्याला आपल्या 26-27 अंशांच्या रात्रीही तितक्याच नडतात. म्हणून टमाटे लवकर लावून मार्चमध्ये फळं धरून घ्यावीत, नाहीतर नादच सोडावा.

भेंडी, गवार, चवळी यांना असल्या उन्हाचं फारसं काही वाटत नाही. भेंडीत 'परभणी क्रांती' हे वाण आमच्याच कृषी विद्यापीठाचं, हे सांगितल्याशिवाय परभणीकराला पुढे जाता येत नाही. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या केवडा रोगाला प्रतिकार करणारं वाण म्हणून ते ओळखलं जातं.

पण उन्हातली खरी उस्ताद भाजी आपण पेरतसुद्धा नाही. घोळ! हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को नावाचं विकर उष्णता वाढली की गडबडतं आणि त्याच्याऐवजी ऑक्सिजन उचलतं. झाडाची कमाई वाया जाते. ज्वारी, मका, तांदुळजा यांच्याकडे यावर तोड आहे. ही झाडं कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून रुबिस्कोभोवती दाटीने पुरवतात. या पद्धतीला सी-4 म्हणतात. निवडुंगाची तऱ्हा वेगळी: तो रात्री खोडावरची सूक्ष्म छिद्रं उघडून वायू साठवतो, दिवसा दारं बंद ठेवून पाणी वाचवतो. घोळ सी-4 तर आहेच, पाण्याचा ताण पडला की निवडुंगाचीही युक्ती वापरते. 2022 मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की या दोन्ही प्रक्रिया तिच्या पानात त्याच पेशींत चालतात. आपण तिला तण म्हणून उपटतो आणि मग बाजारात जुडी विकत घेतो.

संध्याकाळचा छंद दोडक्याचा. त्याची पिवळी फुलं दिवस कलल्यावर उमलतात, दुधीची पांढरी फुलंही तशीच. त्यांचे पाहुणे रात्रीचे पतंग. आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते फारसे फिरकत नाहीत, तेव्हा बॅटरी घेऊन मीच नर फूल मादी फुलावर टेकवतो. मादी ओळखायला सोपी, पाकळ्यांखाली बोटभर दोडका आधीच असतो. सुरुवातीला सगळी नर फुलंच येतात, कडक उन्हात तर जास्तच, त्यामुळे वेल वांझ समजून उपटू नये. आणि दुधी चिरल्यावर फोड जिभेला लावून बघावी. कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्यावा. तो कडवटपणा कुकरबिटॅसिन या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवूनही तो जात नाही.

राहिलं पाणी, मराठवाड्यातला खरा प्रश्न. लातूरला 2016 साली रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे इथे कुंडीला पाणी घालतानाही हात जरा आखडतो. मेमध्ये मी परातीत पाणी ठेवून पट्टीने मोजलं: दिवसाला साधारण 1 सेंटिमीटर आटलं. 1 चौरस मीटरवर हेच 10 लिटर होतं. लहान परात तापून थोडं जास्त उडवते, तरीही आकडा डोळे उघडणारा आहे. मग मातीवर चार बोटं जाड सोयाबीनचं भुसकट पसरलं आणि मोठ्या क्रेटमध्ये भाजलेल्या, पण चकाकी नसलेल्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. भोवतालची माती कोरडी पडली की मडक्यातलं पाणी ओढून घेते, ओली असली की झिरपणं मंदावतं. निव्वळ काळी माती मात्र कुंडीत भरू नये. तिच्यातली चिकणमाती वाळली की आकसते, कडेला फट पडते आणि घातलेलं पाणी थेट तळाच्या भोकातून बाहेर. तिच्यात निम्मं शेणखत-पालापाचोळा हवाच.

तोच कोरडा वारा आणि तेच ऊन आईच्या कुरडया दोन दिवसांत खडखडीत वाळवतं, त्यामुळे गच्चीच्या वाटणीवरून आमचं दरवर्षी वाजतं. यंदा माझ्या खुणांच्या शेजारी तिनेही खडूने एक रेघ ओढली आहे. तिच्या पलीकडे एप्रिलभर कुंडी दिसता कामा नये. जागा तिने अचूक हेरली आहे: दिवसभर जिथे कशाचीच सावली पडत नाही.