ग्रह फिरवू नका, पडू द्या

मुलांसाठीच्या अंतराळाच्या वेबसाइटवर ग्रह फिरताना दिसतात, तेव्हा बहुतेक वेळा ते आधीच आखलेल्या वर्तुळावरून सरकत असतात. दिसतं छान. पण मुलाने काहीही केलं तरी ग्रह वाट सोडत नाही. मग व्हिडिओ काय वाईट होता?

त्यापेक्षा कक्षा आखूच नये. पडद्यावर पृथ्वी, तिच्यावर एक खूप उंच डोंगर आणि माथ्यावर आडवी तोफ. कल्पना न्यूटनची. मुलाने फक्त गोळ्याचा वेग ठरवायचा. हवेचा अडथळा नाही असं धरलं, तर कमी वेगाचा गोळा जमिनीवर आदळतो. वेग सेकंदाला सुमारे 7.9 किलोमीटर झाला की गोळा पडतच राहतो, पण खालची जमीनही तितकीच वळत जाते आणि तो पृथ्वीला फेरी मारून तोफेच्या मागून येतो. आणखी वेग दिला की कक्षा लांबोडकी होते. 11.2 च्या पुढे गोळा परतच येत नाही.

अंतराळवीर का तरंगतात, याचं उत्तरही इथेच मिळतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं, सगळेच त्या गोळ्यासारखे एकत्र पडत असतात.

कोड लिहिणाऱ्याला मात्र एक खोच माहीत हवी. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साधारण 60 वेळा नव्याने काढलं जातं. दर वेळी पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर घ्यायचं, त्यावरून ओढ काढायची (अंतर दुप्पट तर ओढ चौथाई), वेग बदलायचा, गोळा सरकवायचा. यात गोळा जुन्याच वेगाने सरकवला आणि ओढही जुन्याच जागेवरची धरली, तर गोळ्याला फुकटची ऊर्जा मिळत राहते आणि कक्षा फेरीगणिक फुगते. आधी वेग बदलून त्या नव्या वेगाने गोळा सरकवला की कक्षा टिकते. बदल एका ओळीचा, पण तो चुकला तर वेबसाइट मुलांना चुकीचं विज्ञान शिकवते, तेही रंगीत.

7.9 हा आकडा मुलांना आधी सांगू नये, असं मला वाटतं. चार गोळे आपटू देत, सापडेल. मग पृथ्वी काढून तिथे चंद्र ठेवायचा. कोडमध्ये वस्तुमान आणि त्रिज्या एवढंच बदलतं, आणि सेकंदाला जेमतेम 2.4 किलोमीटर वेगानेही गोळा कायमचा निघून जातो.